कँडीहून एका दिवसात नुवारा एलिया: काय ठेवायचं, काय खोडायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूरचं एक कुटुंब दिवाळीच्या सुट्टीत श्रीलंकेला चाललंय, नवरा-बायको, आठ वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. सासऱ्यांचं वय ७०, गुडघे दुखतात, सासूबाईंना घाटात गाडी लागते. कँडीत दोन रात्री मुक्काम, मधला एक दिवस मोकळा, आणि त्या दिवसासाठी हॉटेलवाल्यानं डोंगरातल्या नुवारा एलिया गावाचं पॅकेज पाठवलंय: चहाची फॅक्टरी, चार धबधबे, सीतामाईचं देऊळ, तलाव, बोटिंग आणि वरून निळ्या रेल्वेची फेरी. ताई विचारतात, जावं का, झेपेल का, आणि तिथला चहा विकत घेण्यासारखा असतो का.

जावं. झेपेल पण. फक्त त्या कागदावरचं निम्मं खोडून टाका.

मी अंबाजोगाईचा. चौदा वर्षं झाली बीड, लातूर, परभणीकडचे ग्रुप घेऊन फिरायलोय आणि लंका वर्षातून एकदा तरी होतेच, कारण रामायणातल्या जागा बघायच्या म्हणून आपल्याकडची वयस्कर मंडळी लई हौसेनं येतात. तर सगळ्यात आधी अंतराचं डोक्यातून काढा. कँडी ते नुवारा एलिया ७५-८० किलोमीटर, म्हणजे आपलं लातूर-धाराशिव समजा, कुणीही म्हणेल दीड तासात पोचू. तिथं अडीच ते तीन तास लागतात. कँडी आहे ५०० मीटरच्या आसपास उंचीवर आणि नुवारा एलिया १८६८ मीटरवर, हा सगळा चढ गंपोला गाव सोडल्यावर वळणावळणानं चढायचा असतो. मांजरसुंब्याचा घाट एकामागं एक वीस वेळा चढल्यासारखं धरा. जाऊन येऊन सहा तास गाडीतच गेले, मग उरलेल्या वेळात चार धबधबे आणि बोटिंग आणि रेल्वे कशी बसणार? बसवतात, म्हणजे काचेतून दाखवतात, "तो बघा धबधबा" म्हणायचं आणि गाडी पुढं.

दुसरी गोष्ट धुक्याची, आणि हीच खरी. त्या डोंगरात सकाळ मोकळी असते आणि दुपारनंतर ढग खाली उतरतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तर दुपारी गडगडाटासह पाऊस ठरलेला म्हणलं तरी चालेल. दिवाळीत जायलात म्हणजे हे तुमच्या वाट्याला येणारच. मी शिकलो ते फजिती करून घेऊनच. सुरुवातीच्या एका वर्षी ग्रुपला निवांत नाश्ता करू दिला, साडेनऊला निघालो, वाटेत एका दुकानात ड्रायव्हरनं गाडी घातली, रत्न-खडे दाखवायच्या नावाखाली तासभर गेला, आणि रंबोड्याच्या धबधब्याला पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. समोर निव्वळ पांढरं. धबधबा आहे हे फक्त आवाजावरून कळायलं. गेवराईकडचे एक काका होते, धोतर-टोपीतले, ते कठड्याला टेकून दहा मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, न दिसणारा धबधबा बघायला इमानानं कशाला आणलं, सौताड्याला उन्हाळ्यात नेलं असतं की." सौताड्याचा आपला धबधबा उन्हाळ्यात कोरडाच असतो. सगळी बस हसली, मी पण हसलो, पण ते वाक्य अजून डोक्यात आहे.

तेव्हापासून माझा हिशेब एकच: धबधबा आणि फॅक्टरी, दोन्ही सकाळी दहाच्या आत. बाकी जे होईल ते नफ्यात.

त्यासाठी कँडीतून सहाला चाकं हलली पाहिजेत. घड्याळ बदलायची भानगड नाही, लंकेची वेळ आपलीच आहे. हॉटेलला आदल्या रात्री सांगितलं की नाश्ता डब्यात बांधून देतात. ड्रायव्हरशी पण आदल्या रात्रीच बोला, शांतपणे, की वाटेत मसाल्याची बाग नको, खड्यांचं दुकान नको, तुझं जे काही सुटतं त्याची भरपाई म्हणून आम्ही वरून एवढे देऊ. हे बोलायला लोकांना लाज वाटते. वाटू देऊ नका, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे आणि तुमच्या दिवसाचा, मोकळं बोललं की दोघंही खूष.

रस्ता पेरादेनिया, गंपोला, पुसेल्लावा असा चढत जातो. पुसेल्लाव्यानंतर एका बाजूला खाली कोटमाले धरणाचं पाणी दिसायला लागतं. आठच्या सुमारास रंबोडा येतो. हा धबधबा १०९ मीटरचा, एका टप्प्यात पडत नाही, वरचा एक भाग, खालचा एक भाग आणि मधून रस्ता गेलाय. नळदुर्गचा नर-मादी बघितला असेल तर तसं बांधीव काही डोळ्यासमोर आणू नका, आणि सहस्रकुंडासारखं नदीच अंगावर येतीय असंही नाही. इथं उंची आहे, काळा ओला कातळ आहे आणि आजूबाजूला दाट हिरवं. रस्त्यावरून, पुलाजवळूनच वरचा भाग चांगला दिसतो. खाली पायऱ्यांनी जाता येतं पण सासऱ्यांना तिकडं अजिबात नेऊ नका. पायऱ्या ओल्या, शेवाळलेल्या, उतरताना काही वाटत नाही आणि चढताना गुडघा बोलायला लागतो. तुम्ही दोघं आणि पोरगं जाऊन या, म्हातारी माणसं वर बसून डब्यातलं खातील, त्यांनाही तेवढाच निवांतपणा. पाण्यात उतरणं मात्र कुणीच नाही. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असताना पाणी वाढतं, आपल्याकडं दर पावसाळ्यात अशा बातम्या वाचतोच की. आणि गवतातून चाललात तर पायाला जळवा लागतात, घाबरून ओढायची नाही, चिमूटभर मीठ टाकलं की गळून पडते. एका पुडीत मीठ बांधून ठेवा.

रंबोड्यालाच डोंगरावर चिन्मय मिशननं बांधलेलं हनुमानाचं देऊळ आहे. आपल्या लोकांना ते धबधब्यापेक्षा जास्त आवडतं हे मी सांगून ठेवतो. समोर सगळी दरी. अर्धा तास द्या.

राहिले बाकीचे धबधबे. पॅकेजमधले डेव्हन आणि सेंट क्लेअर हे टालावाकेले-हॅटनच्या रस्त्यावर आहेत, म्हणजे वेगळ्याच बाजूला. डेव्हन ९७ मीटर, सेंट क्लेअर ८० मीटर, दोन्ही रस्त्यावरून लांबून दिसतात, दिसायला सुंदर, वाद नाही. पण त्यांच्यासाठी परतीचा रस्ता बदलावा लागतो, दीड-दोन तास वाढतात, आणि तेही दुपारच्या धुक्यात. शिवाय सेंट क्लेअरचं पाणी वरच्या वीज प्रकल्पानं वळवलंय, आता सोडतील तेवढंच पडतं. नुवारा एलियात मुक्काम असता तर मी स्वतः जा म्हणलो असतो. एका दिवसात नको. एक धबधबा अर्धा तास बघा, अंगावर तुषार घ्या, चार काचेतून बघण्यापेक्षा ते बरं.

आता फॅक्टरी. रंबोड्याच्या वर लाबुकेलेकडं चढताना दोन्ही बाजूला चहाच चहा, आणि रस्त्याला लागून फॅक्टऱ्या आहेत ज्या आत फिरवून दाखवतात, शेवटी एक कप चहा देतात आणि मग दुकानात सोडतात. वार बघून जा. रविवारी सहसा पानं तोडत नाहीत, त्यामुळं सोमवारी सकाळी बऱ्याच ठिकाणी मशिनी थंड असतात आणि गाईड नुसता रिकाम्या मशिनीकडं हात करून सांगतो. पौर्णिमेला तर लंकेत सरकारी सुट्टीच असते, पोया म्हणतात, तो दिवस टाळा. मंगळवार ते शनिवार, सकाळी नऊ-साडेनऊ, ही माझी वेळ. कारण आदल्या दिवशी आलेली पानं रात्रभर सुकत असतात आणि रोलिंग, म्हणजे पानं मळणं, पहाटे-सकाळी चालतं. दुपारी गेलात तर मळण्याचं काम आटोपलेलं असतं.

आत काय बघायचं ते नीट सांगतो, गाईड घाईत उरकतात. वरच्या मजल्यावर लांबच लांब हौद असतात, तळाला जाळी, खालून पंख्याची हवा, त्यावर हिरवी पानं पसरलेली. ताज्या पानात पाणीच जास्त, ते बारा-पंधरा-अठरा तासांत एवढं कमी करतात की पान मऊ पडतं, मुठीत दाबलं तर मोडत नाही. वास घ्या तिथं. आमच्या ग्रुपमधले शेतकरी दरवेळी एकच म्हणतात, ओल्या कडब्याचा वास आलाय. मग खाली पितळी तळाच्या गोल मशिनीत पानं मळतात, पान पिळवटतं, रस बाहेर येतो. तो रस हवेला लागला की हिरवं पान तांब्याच्या रंगाचं व्हायला लागतं. फॅक्टरीवाले याला फर्मेंटेशन म्हणतात, पण इडलीच्या पिठासारखं यात काही आंबत नाही, वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना, तोच प्रकार. हे किती वेळ होऊ द्यायचं यावर चव ठरते. मग साधारण शंभर डिग्रीच्या गरम हवेत वाळवून तीन टक्क्यांच्या आसपास ओल राहीपर्यंत आणतात, आणि शेवटी चाळण्या. साडेचार किलो हिरव्या पाल्याचा जेमतेम एक किलो चहा होतो.

या चाळण्यांपाशी थांबा, कारण दुकानात फसायचं की नाही ते इथं ठरतं. ओपी, बीओपी, बीओपीएफ, डस्ट ही जी नावं पाकिटांवर असतात ती पानाच्या तुकड्याच्या आकाराची, पहिला नंबर-दुसरा नंबर अशी प्रतीची नाहीत. ओपी म्हणजे लांब पान, बीओपी तुटलेलं, बीओपीएफ त्याहून बारीक, डस्ट भुकटीसारखं. लांब पान महाग असतं म्हणून लोक तेच उचलतात. घरी येऊन आपल्या पद्धतीनं पातेल्यात पाणी, साखर, आलं, दूध घालून उकळतात आणि म्हणतात, याला तर कलरच येईना. येणारच नाही. आपण रोज पितो तो दाणेदार चहा सीटीसी मशिनीतला, पान चुरून, फाडून, गोळ्या केलेला. ती पद्धत १९३०च्या दशकात आसामात निघाली, तो दुधात उकळायलाच बरा. डोंगरातला हा लांब पानाचा चहा दुधासाठी नाहीच. पाणी उकळून गॅस बंद, पत्ती टाकायची, झाकण, तीन-चार मिनिटं, गाळून तसाच प्यायचा, हवी तर चिमूट साखर. घरात असा चहा पिणारं कुणी असेल तर ओपी घ्या, नाहीतर बीओपीएफ किंवा डस्ट घ्या, दुधात तोच उतरतो, स्वस्तही पडतो. पाकिटावर तलवार घेतलेल्या सिंहाचं चित्र असतं ते बघा, ते तिथल्या टी बोर्डाचं चिन्ह, म्हणजे आतला चहा निव्वळ लंकेचा आणि तिथंच पॅक झालेला. सिल्व्हर टिप्स नावाचा पांढऱ्या कळ्यांचा चहा दाखवतील, किंमत ऐकून सासरे खुर्चीत बसतील. वास घ्या आणि ठेवून द्या. मी स्वतः पाव किलोची दोन पाकिटं आणतो, बस. मोफत चहा प्यायला म्हणून काही विकत घेतलंच पाहिजे असंही नाही, गाईडला थोडी टीप दिली की झालं.

अजून एक, आपल्या शेतकरी माणसांना आवडतं म्हणून मी वाटेत सांगतो. या डोंगरात आधी चहा नव्हता, कॉफी होती. १८६९ला कॉफीवर तांबेरा पडला. तांबेरा म्हणलं की आपल्या बसमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही, गव्हावरचा सगळ्यांनी बघितलेला. कॉफीचे मळेच्या मळे गेले. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८६७ला, जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसानं कँडीजवळ लूलकंदुरा इस्टेटमध्ये १९ एकरांवर चहा लावून ठेवला होता. कॉफी बुडाली आणि मळेवाले त्या १९ एकरांच्या वाटेनं गेले.

मळ्यात पानं तोडणाऱ्या बाया बहुतेक तमिळ. इंग्रजांच्या काळात तमिळनाडूतून आणलेल्या मजुरांच्या या नातवंडं-पतवंडं. त्यांच्या एका ओळीत बांधलेल्या खोल्या रस्त्यावरून दिसतात, लाइन रूम म्हणतात. मला त्या बघितल्या की आपल्या ऊसतोडवाल्यांच्या कोप्या आठवतात, इथं भिंती पक्क्या एवढाच फरक. एका वर्षी परभणीकडची एक म्हातारी होती ग्रुपमध्ये, आयुष्यभर कापूस वेचलेली. बाकीचे सेल्फी काढत होते आणि ही सरळ वरंब्यात शिरून एका बाईपाशी जाऊन उभी. त्या बाईच्या डोक्यावरून पाठीवर पिशवी सोडलेली, दोन्ही हात चाललेले, दोन पानं आणि एक कळी, दोन पानं आणि एक कळी. म्हातारीनं तिचा हात धरला, बोटं उलटी करून बघितली, चिकानं काळी पडलेली, आणि मराठीत विचारलं, "किलोवर का रोजावर?" ड्रायव्हरला तमिळ येत होतं, त्यानं सांगितलं, रोजावर, पण ठरलेले किलो भरले नाहीत तर रोज कापतात. म्हातारी म्हणाली, "म्हंजी दोन्हीकून मरण." मग तिनं स्वतःची बोटं दाखवली, बोंडाच्या काट्यांनी फाटलेली जुनी कातडी. ती बाई हसली. फोटो कुणाकडंच नाही.

तुम्हाला रस्त्याच्या कडेला रंगीत साडीत टोपली घेऊन उभ्या असलेल्या बाया दिसतील, त्या फोटोसाठीच उभ्या असतात, पैसे मागतात. काढायचा तर आधी देऊन काढा, नंतर घासाघीस नको.

साडेदहा-अकराला नुवारा एलिया. गार वाटतं, वर्षाची सरासरी १६ डिग्री, आणि पाऊस असेल तर लातूरकरांना हुडहुडीच भरते. स्वेटर आणि कानटोपी बॅगेत खाली नको, हाताशी ठेवा. गावात इंग्रजी धाटणीच्या इमारती, लाल विटांचं पोस्ट ऑफिस, ग्रेगरी तलाव, सगळं गाडीतून बघा. बोटिंग खोडा, बोटी आपल्याकडं पण आहेत.

आधी सीतामाईच्या देवळात जा, गावापासून पाचेक किलोमीटर पुढं, सीता एलियाला. देऊळ दुपारी बंद असण्याची शक्यता असते म्हणून हे जेवणाआधी. छोटंसं रंगीत देऊळ, बाजूनं ओढा, ओढ्याच्या खडकात खड्डे आहेत, ते हनुमंताच्या पावलांचे म्हणून दाखवतात. माझ्या ग्रुपमधल्या बायकांनी तिथं कितीदा तरी ओवी म्हणलीय, कुणी न सांगता. सासूबाईंना इथं घाई करू नका, त्यांच्यासाठी हाच दिवस आहे. वेरूळला पावसाळ्यात २९ नंबरच्या लेणीजवळ पाणी पडतं, त्या जागेला आपण सीतेची न्हाणी म्हणतो, आणि इकडं लंकेत सीतेचा ओढा, दोन्ही टोकं बघितलेली माणसं आपल्याकडं बरीच निघतील. पुढं हकगला बाग आहे, १८६१ला सिंकोना, म्हणजे क्विनाइनचं झाड, लावायला म्हणून सुरू केलेली, छान आहे, पण चढ-उतार आहे. गुडघ्यांसाठी सोडून द्या.

रेल्वेचं विचारलंय. कँडी ते नानुओया, म्हणजे नुवारा एलियाचं स्टेशन, गाडी चार तासांच्या आसपास घेते. जाताना रेल्वे धरली तर सकाळ संपली, येताना धरली तर अंधार. रिझर्व्हेशन लवकर संपतं, आणि विनारिझर्व्ह डब्यात म्हाताऱ्या माणसांना चार तास उभं करायचं का? पोराला निळी गाडीच पाहिजे असेल तर हा प्रवास दुसऱ्या दिवसाला ठेवा आणि नुवारा एलियात एक मुक्काम करा. पावसाळी दिवसांत दरड पडून लाइन आणि रस्ता दोन्ही बंद होतात, तेव्हा आदल्या रात्री हॉटेलात विचारून घ्याच.

गाडी लागण्याचं. सासूबाईंना ड्रायव्हरशेजारी पुढं बसवा, गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी, आणि उपाशी पोटी नेऊ नका. तेलकट नको. आमच्याकडच्या बायका घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणतात, सहाच्या गाडीत त्याला तोड नाही. मोबाइल बघणं बंद, पोराचं पण. वर जेवण दुपारी साडेबाराला, भात-डाळ-भाज्या सहज मिळतात, "मासे नको, अंडं नको" हे दोन्ही वेगवेगळं सांगा, नुसतं व्हेज म्हणलं तर सुक्या मासळीचा चुरा असलेली भाजी ताटात येऊ शकते. हे लक्षात ठेवा, आमच्या एका माळकरी आजोबांचं जेवण यानंच राहिलं होतं.

दोनला परत निघा. धुकं आलं असेल, येऊ द्या, बघायचं ते बघून झालंय, मागं सगळे झोपतील. उतारावर फुलं विकणारी पोरं भेटली तर गंमत आहे: एक पोरगं वळणावर फुलांचा गुच्छ घेऊन हात करतं, तुम्ही नाही म्हणता, गाडी वळसा घालून खाली येते तर तेच पोरगं पुढच्या वळणावर हजर, मधल्या मळ्यातून सरळ उतरून पळत आलेलं. तिसऱ्या वळणाला परत तेच, धापा टाकत. तुमच्या आठ वर्षांच्या मुलाला जागं ठेवा तेवढ्यासाठी, आणि सुट्टे पैसे वरच्या खिशात असू द्या.